चोर ओटी आणि तीस गोळ्या

चोर ओटी गुपचूप भरायची असते, हे अंजलीआत्यांना कुणी शिकवायला नको होतं. आपल्या हातांनी त्यांनी अशा पंधरा-वीस ओट्या भरल्या होत्या. तरी त्या रविवारी तळेगावहून निघाल्यापासून त्यांनी लोकलमधल्या शेजारणीला, चिंचवडला बसच्या कंडक्टरला आणि मोशीत उतरल्यावर सोसायटीच्या रखवालदाराला सांगून टाकलं, की आमच्या भाचेसुनेला तिसरा सरतोय, पण कुणाला बोलू नका हं. रखवालदाराने शपथ घेतली आणि लगेच लिफ्टपाशी उभ्या असलेल्या दोघांना बातमी दिली. आत्या चौथ्या मजल्यावर पानशांच्या दारात पोचल्या, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधून "अभिनंदन हो!" असं ऐकू आलं.

"घ्या! झालं गुपित," दार उघडत सलिल म्हणाला. "आत्या, तू आलीस की आकाशवाणी आली?"

"मेल्या, आधी पिशवी धर. नारळ आहेत. आणि मी कुण्णाला काही बोललेली नाही, उगाच आळ घेऊ नकोस."

घरात साखरभाताचा केशराचा वास भरला होता. अरुंधतीबाई गजरे आणायला आणि खालच्या फरीदाला बोलवायला गेल्या होत्या. जाताना गॅसवरचा मटार बघायचं काम त्यांनी मुलावर टाकलं होतं, म्हणजे मटार करपणार हे ठरलेलंच होतं. सुखदा आतल्या खोलीत हिरवी साडी नेसत होती. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, कारण ओटी भरल्याशिवाय घास घ्यायचा नाही, असं आत्यांनी आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं. भूक तर अशी लागली होती की हातातल्या बांगड्या चावाव्यात. पण आज तिला त्याचंही हसू येत होतं. चार वर्षांनी या घरात हा दिवस आला होता.

तो आला कसा, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. लग्न ठरताना सुखदाने स्वतःहून सांगितलं होतं, की मला कॉलेजपासून फिट येतात, गोळी चालू आहे, गोळी घेतली की काही होत नाही. तेव्हा अरुंधतीबाई तीन दिवस कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पुढे लग्न झालं, गोड झालं, पण ते तीन दिवस सुखदा विसरली नव्हती. सासूबाईही त्यावर कधी काही बोलल्या नव्हत्या.

बाहेर डायनिंग टेबलवर श्यामरावांचं रविवारचं काम रंगात आलं होतं. भोसरीच्या कंपनीत चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला हा माणूस निवृत्त झाला आणि आठ महिने बाल्कनीतल्या खुर्चीत नुसता रस्ता बघत बसला. कुणी विचारलं तर "बरं आहे" म्हणायचा. मग एक दिवस त्याला घरातल्या औषधांचं कपाट दिसलं. त्या दिवसापासून कपाटात कप्पे झाले, कप्प्यांवर चिठ्ठ्या आल्या, प्रत्येक औषधाला कार्ड लागलं आणि श्यामराव परत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायला लागले. दर रविवारी घरातल्या चौघांचे सात दिवसांचे डबे भरायचे. सकाळचा खण, रात्रीचा खण. आपली बीपीची गोळी, अरुंधतीची थायरॉइडची, सलिलची व्हिटॅमिनची आणि सुखदाची.

"श्याम, हे काय रे? दुकान काढलंस?" आत्यांनी चष्मा वर केला.

"दुकान कसलं ताई, स्टोअर आहे स्टोअर. बस इथे, दाखवतो." श्यामरावांना असं गिऱ्हाईक महिनोन्महिने मिळत नसे. "हा कप्पा चालू मालाचा, हा शिलकीचा. आधी आलेलं आधी जाणार. घरात औषध वाया जाणं हा गुन्हा आहे. आता हेच बघ, नवरात्राच्या आधी कपाट आवरलं, तर अगदी मागे सुखदाच्या जुन्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिपा सापडल्या. तीस गोळ्या! मुदत फेब्रुवारीपर्यंत. दुसऱ्या कुणी फेकून दिल्या असत्या. मी रात्रीच्या खणात लावून महिन्याभरात सगळ्या वापरात आणल्या. एक वाया घालवली नाही."

सुखदा दारात उभी होती. निऱ्यांची पिन तिच्या हातातच राहिली.

"बाबा, कुठल्या जुन्या गोळ्या?"

"अगं, तुझ्या आधीच्या. पांढऱ्या लांबट."

"व्हॅल्प्रोएट?"

"हां, तेच काहीतरी. कार्डावर आहे बघ." त्यांनी कौतुकाने कार्ड पुढे केलं.

सुखदाने कार्ड घेतलं. श्यामरावांचं अक्षर छापल्यासारखं होतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सात गोळ्या. पुढच्या रविवारी सात. त्याच्या पुढच्या रविवारी सात. तिने तारखा एकदा वाचल्या, मग बोटांवर आठवडे मोजले, आणि मग ती तिथेच खुर्चीत बसली.

तिच्या मेंदूच्या डॉक्टर करिष्मांनी दवाखान्यात कागदावर अशीच आठवड्यांची रांग काढली होती. या आठवड्यात बाळाचा कणा मिटतो. या आठवड्यात हृदय धडधडायला लागतं. मग हात, बोटं, ओठ, टाळू. "बाईला दिवस गेलेत हे कळतं ना, तोवर यातलं निम्मं काम होऊन गेलेलं असतं," त्या म्हणाल्या होत्या. "आणि तुझी ही गोळी नेमकी त्याच कामात खोडा घालते. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण धोका मोठा आहे. म्हणून आधी ही हळूहळू बंद, दुसरी चालू, फॉलिक ॲसिड चालू, सगळं नीट बसलं की मग पाळण्याचा विचार." दोघींनी मिळून पाच महिने घालवून ती गोळी सोडवली होती. त्या पाच महिन्यांत सुखदाने स्कूटर चालवली नव्हती, की गच्चीत एकटी गेली नव्हती. आणि हे कार्ड सांगत होतं, की पोटात जीव धरला त्याच आठवड्यांत ती रोज रात्री तीच गोळी गिळत होती.

"मी बघतच नाही हो," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "सेकंड शिफ्टवरून येते, दिवासुद्धा लावत नाही, डबा उघडते आणि तोंडात टाकते. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, दोन्ही लांबट. चाकणला दिवसभर दुसऱ्यांचा माल तपासते मी. एक ओरखडा सुटत नाही माझ्या नजरेतून."

"काय झालंय?" आत्यांनी विचारलं. "अगं, पोरीचा चेहरा बघा! सलिल, पाणी आण!"

सलिल मटाराचा झारा हातात घेऊनच धावत आला. कार्ड बघितलं आणि त्याचा रंग उतरला. "बाबा, ही गोळी बंद केली होती! मी तुम्हाला सांगितलं होतं!"

"तू म्हणालास गोळीत बदल झालाय." श्यामराव उभे राहिले. "मी तुला सापडल्यावर फोन केला होता. विचारलं, सलिल, हा रनिंग चेंज आहे ना? तू म्हणालास, हो बाबा, हो."

सलिलने झारा टेबलावर ठेवला.

कंपनीत आयुष्य घालवलेल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. एखाद्या पार्टमध्ये बदल आला, की तो दोन तऱ्हांनी येतो. जिवाशी खेळ असेल तर त्याच मिनिटाला जुना माल लाल पेटीत, एक नगसुद्धा लाइनवर जायचा नाही. तसं काही नसेल तर रनिंग चेंज. म्हणजे जुना माल संपवा, मग नवा लावा, नुकसान नको. श्यामरावांनी चौतीस वर्षांत असे हजारो बदल केले होते आणि एकदाही विचारल्याशिवाय केला नव्हता. इथेही त्यांनी विचारलं होतं.

"ऑडिट चालू होतं," सलिल हळूच म्हणाला. "समोर कस्टमरची पाच माणसं. तुम्ही काय विचारलंत ते मी ऐकलंच नाही. नुसतं हो म्हटलं. बाबा, ही माझी चूक आहे. सुखदा, माझी आहे."

"कुणाची का असेना!" सुखदाचा आवाज चढला, आणि लगेच ती रडायला लागली. "चूक वाटून घेऊन काय करू मी? त्याचा कणा मिटला की नाही, ते सांगा मला कुणीतरी!"

श्यामराव टेबलाला धरून उभे होते. त्यांच्या हातून कधी चुकीचा माल लाइनवर गेला नव्हता. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी तेच एक वाक्य दोनदा म्हटलं होतं. आता समोर मूल होऊ घातलेली सून रडत होती, आणि डबा त्यांनी भरला होता.

आत्यांनी पदर खोचला. या घरात गोंधळ झाला की निर्णय आपणच द्यायचा, हा त्यांचा जुना खाक्या. "हे बघा, झालं ते झालं. आता एकही गोळी द्यायची नाही हिला. जुनी नाही, नवी नाही. मी म्हणतच होते, पोटुशीला एवढी औषधं कशाला?"

"मलाही नकोत," सुखदा डोळे पुसत म्हणाली. तिने आजच्या सकाळच्या खणातली गोळी काढली आणि टेबलावर लांब सरकवली. "मला आता कुठलीच गोळी नको. कुणाच्याही हातची नको."

हे ऐकून सलिल खरा घाबरला. फिट येते तेव्हा काय होतं, ते या घरात त्याने एकट्याने बघितलं होतं. "असं नको करूस गं," तो म्हणाला, पण त्याला आता बोलायचा हक्कच उरला नव्हता.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात अरुंधतीबाई गजऱ्यांचा पुडा घेऊन आणि त्यांच्या मागे फरीदा शिरखुर्म्याचा डबा घेऊन. फरीदा आणि तिचा नवरा बरकत खाली मेडिकल चालवत. औषधांचं शिक्षण तिचं होतं आणि गल्ला बरकतचा, असं ती स्वतःच सांगायची.

"चोर ओटी म्हणून मागच्या जिन्याने आले हं," ती हसत आत आली, "तर वॉचमन म्हणतो, चौथ्या मजल्यावर ना? जा जा..." आणि सगळ्यांचे चेहरे बघून थबकली.

सलिलने चार वाक्यांत सगळं सांगितलं. सांगताना त्याने आईकडे बघितलं नाही. शेवटी म्हणाला, "आणि आता ही म्हणतेय, चालू गोळीही बंद."

"अजिबात नाही," फरीदा डबा ठेवत म्हणाली. "हे बघ सुखदा, माझं ऐक. चालू गोळी डॉक्टरांनी विचार करून दिलीय. ती अशी एकदम सोडलीस आणि फिट आली, तू पडलीस, तर बाळाला त्याचाच धोका जास्त. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा चुकवायची नाही. आणि ती जुनी म्हणतेस..." ती थांबली आणि अरुंधतीबाईंकडे वळली. "काकू, तुम्ही सांगता की मी सांगू?"

अरुंधतीबाईंनी गजऱ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. हा माणूस परत त्या बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसणार, हे त्यांना दिसत होतं. गेले तीन महिने त्यांनी जे जिवापाड जपलं होतं, ते आता एका वाक्यात जाणार होतं. पण सून रडत होती, आणि त्या रडण्यापुढे बाकी कशालाच मोल नव्हतं.

"सुखदा, तू ती गोळी खाल्लेली नाहीस," त्या म्हणाल्या. "एकही नाही."

श्यामरावांनी कार्ड उचललं.

"कार्डावर तीस आहेत," श्यामराव म्हणाले.

"तुम्ही तीस लावल्यात. मी तीस काढल्या. पाचही रविवार. दुपारी तुम्ही आडवे झालात, की डबा उघडायचा, रात्रीच्या खणातल्या जुन्या काढायच्या आणि नव्या घालायच्या. नव्या मी फरीदाकडून आणत होते, चिठ्ठी दाखवून."

"मी स्वतः दिल्यात," फरीदा म्हणाली. "काकू स्ट्रिपवरचं नाव दोनदा वाचायच्या. मग मला वाचायला लावायच्या. बरकत म्हणाला, या काकूंना आपल्यावर भरोसा नाही का?"

"पण आई, तुम्हाला कसं कळलं?" सुखदाने विचारलं.

"मी होते ना तुझ्याबरोबर, डॉक्टरांकडे."

होत्या खऱ्या. एकदाच, सलिलला सुट्टी मिळाली नाही म्हणून. डॉक्टर ती आठवड्यांची रांग काढत असताना सासूबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. बाहेर आल्यावर "मेथी घ्यायची राहिली" एवढंच म्हणाल्या होत्या. त्या रात्री सुखदाने सलिलला सांगितलं होतं, की तुझ्या आईला यातलं काही ऐकायचंच नसतं रे.

"सगळं ऐकलं होतं मी," अरुंधतीबाई म्हणाल्या. "चौथ्या आठवड्यात काय, सहाव्यात काय. घरी येऊन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. कपाटात त्या स्ट्रिपा निघालेल्या दिसल्या, तेव्हा नाव वाचलं. त्याच दुपारी डबा बघितला, तर तीच गोळी."

"बरणी दाखवा ना काकू," फरीदा म्हणाली.

अरुंधतीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि साबुदाण्याच्या डब्यामागून लोणच्याची एक छोटी बरणी घेऊन आल्या. आत पांढऱ्या लांबट गोळ्या होत्या. "फेकल्या तर कुणीतरी मुकं जनावर खाईल. आणि यांच्या घरात छत्तीस वर्षं काढलीत, पुरावा ठेवायचा असतो एवढं तरी शिकले."

सुखदाने बरणी दोन्ही हातांत धरली. तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं, म्हणून ती दोन्ही करायला लागली. सलिल जमिनीवरच बसला. आत्यांनी देवाला हात जोडले आणि मगाशी आपण काय निकाल दिला होता ते त्या साफ विसरून गेल्या.

पण सुखदा तपासणीतली बाई होती. हुंदका आवरला तसा तिला राग आला, आणि तो खरा होता. "आई, तुम्ही मला सांगायला हवं होतं. पोट माझं आहे. एखाद्या रविवारी तुम्हाला जमलं नसतं तर? आजारी पडला असतात तर?"

"पडले होते. नवरात्रात ताप नव्हता का मला? तापात उठून बदलल्या."

"हे उत्तर झालं का?"

"नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या. "उत्तर नाही. चुकलं माझं. पहिल्याच दिवशी त्या स्ट्रिपा उचलायला हव्या होत्या. पण उचलल्या असत्या, तर यांनी सगळं घर उपसलं असतं, मग चूक कळली असती, आणि मग हे..." त्यांनी बाल्कनीकडे नुसती मान वळवली. "आठ महिने बघितलंय मी ते. मला वाटलं, दोघांनाही सांभाळता येईल. तुलाही आणि यांनाही. सांभाळलं म्हणा, पण जीव मुठीत धरून."

तीन दिवस न बोललेली बाई ती हीच. सुखदाला एकदम वाटलं, की ते तीन दिवसही कदाचित आपण चुकीचे वाचले. विचारायचं तिने ठरवलं, पण आज नाही.

एवढ्यात श्यामरावांनी घसा साफ केला. "मोजायला हव्यात."

"काय?" सलिल जमिनीवरूनच ओरडला.

"गोळ्या. तोंडी हिशेबावर मी विश्वास ठेवत नाही. एवढ्या महत्त्वाच्या बाबतीत तर मुळीच नाही." त्यांनी चष्मा लावला. बरणी ताटात उपडी झाली. श्यामराव मोजत होते, सुखदा मोजत होती, फरीदा ओठांत पुटपुटत होती.

"एकोणतीस," श्यामराव म्हणाले.

"एकोणतीस," सुखदा म्हणाली.

परत मोजल्या. परत एकोणतीस. एक गोळी. कुठल्या रात्रीची? कुठल्या आठवड्यातली?

"अरुंधती," आत्या म्हणाल्या, "नीट आठव बाई."

अरुंधतीबाईंचे गाल हळूहळू लाल झाले. साठीच्या बाईला इतकं लाजताना फरीदाने पहिल्यांदाच बघितलं. "ती एक... ती माझ्या पोटात गेली."

"काय?"

"दसऱ्याच्या आधीचा रविवार. गोळी माझ्या हातात आणि हे पाणी प्यायला एकदम स्वयंपाकघरात. विचारतात, हातात काय आहे? काय सांगणार? ॲसिडिटीची गोळी म्हटलं आणि टाकली तोंडात. नवी मात्र आधीच खणात घातली होती."

श्यामरावांनी टेबलावर हात आपटला. "म्हणून! त्या दिवशी तू संध्याकाळी सात वाजेपर्यंत घोरत होतीस! मी दोनदा नाकापाशी बोट धरून बघितलं!"

"घोरत नव्हते."

"आई, घोरत होतीस," सलिल म्हणाला. "मी व्हिडिओ काढलाय."

मग जे हसणं सुटलं ते आवरेना. आत्या हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या, फरीदा भिंतीला टेकली, सुखदाच्या निऱ्या सुटल्या. अरुंधतीबाई "पुरे, पुरे" म्हणत होत्या आणि स्वतःच हसत होत्या. स्वयंपाकघरातून करपलेल्या मटाराचा वास आला, तेव्हा सलिल बोंब मारत आत पळाला आणि सगळे आणखी हसले.

हसत नव्हते ते एकटे श्यामराव. त्यांनी एकोणतीस गोळ्या बरणीत भरल्या, झाकण घट्ट लावलं आणि बरणी फरीदाच्या हातात दिली. "ही तुझ्याकडे. नष्ट कर." मग कपाटाची किल्ली खिशातून काढून त्यांनी सुनेपुढे टेबलावर ठेवली.

"ही तू घे. किंवा अरुंधतीकडे दे. मी विचारलं होतं हे खरं, पण घाईत असलेल्या माणसाचा हो धरायचा नसतो, कागदावर घ्यायचा असतो. हे मला कळायला हवं होतं. अरुंधती नसती, तर..." ते तसेच बाल्कनीच्या दिशेने वळले.

अरुंधतीबाई एक पाऊल पुढे झाल्या आणि थांबल्या. आता त्यांच्या हातात काही नव्हतं. जे काही होतं ते सुनेच्या हातात होतं.

सुखदाला त्यांची पाठ दिसत होती. राग तिच्या मनात अजून होता, उद्याही राहिला असता, आणि डॉक्टरांना फोन करून सगळं सांगेपर्यंत ती निर्धास्त होणार नव्हती. पण हाच माणूस लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तिचा डबा भरून तिच्यासमोर ठेवताना म्हणाला होता, की फिट ही लपवायची गोष्ट नाही पोरी, फक्त वेळेवर माल पोचला पाहिजे. इतक्या साध्या शब्दांत तिच्या आजाराबद्दल तोवर कुणी बोललं नव्हतं.

"बाबा," तिने हाक मारली. "माझी सकाळची गोळी राहिलीय. साडेदहा वाजले."

ते वळले. "फरीदा देईल."

"फरीदा पाहुणी आहे. तुम्ही द्या. खणातली नको, स्ट्रिप आणा."

श्यामराव टेबलावरची किल्ली उचलून कपाटाशी गेले. किल्ली लावताना दोनदा चुकले. स्ट्रिप घेऊन आले आणि उजेडात धरून त्यांनी मोठ्याने वाचलं. "लेव्हेटिरासिटाम. मुदत पुढच्या वर्षी ऑगस्ट." मग ती सुखदाकडे दिली. तिने वाचली, अक्षर न् अक्षर, दिवसाच्या लख्ख उजेडात. तिने ती सासूबाईंकडे दिली, त्यांनी वाचली. फरीदाने वाचली. आत्यांना चष्मा डोक्यावर असल्याचं आठवेना, तरी त्यांनीही स्ट्रिप हातात घेऊन बरोबर आहे म्हणून सांगितलं.

"आता यापुढे अशीच," सुखदा म्हणाली. "तुम्ही काढायची, मी बघायची, आईंनी बघायची. आणि कुणी कुणापासून काही लपवायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही, आई."

"नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या.

श्यामरावांनी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. सगळे तिच्याकडे बघत उभे राहिले. सलिलही काळा पडलेला टोप घेऊन दारात आला होता. सुखदाने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि रिकामा तळहात सासऱ्यांना दाखवला. श्यामरावांनी मान हलवली आणि खिशातून पेन काढलं.

अरुंधतीबाईंनी पाट मांडला. गजरा सोडवून त्यांनी तो सुनेच्या केसांत माळला. आत्यांनी खण, नारळ, तांदूळ ताटात मांडले आणि पुरुषांना बाहेर जा म्हणून सांगितलं. कुणीच गेलं नाही.

"चोर ओटी आहे ही," आत्या ओरडल्या. "जरा तरी चोरून भरू द्या!"

"भरा हो आत्या लवकर," पाटावर बसत, पदर पसरत सुखदा म्हणाली. "आम्हाला दोघांना भूक लागलीय."